घरी बीपी मोजताना

"सिस्टर, पटकन बीपी बघा, कामावर जायचंय." महापालिकेच्या दवाखान्यात मी हे रोज ऐकते. माणूस लोकलमधून उतरून, जिना चढून तसाच आलेला असतो. अशा घाईतल्या एका आकड्यावरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. घरी नीट मोजा. डोकं दुखेपर्यंत तर थांबूच नका, बहुतेकांना बीपी वाढलेलं कळतही नाही. २०२३ साली आलेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांचं बीपी जास्त निघालं, आणि शहरांत हे प्रमाण गावांहून जास्त आहे.

यंत्र दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाला पुरतो ना, हे दुकानातच बघा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा उगाच चढतो.

सकाळी आधी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिश्री काही नको. (मिश्री लावणाऱ्या बायका तिला तंबाखू समजतच नाहीत, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.) खुर्चीत पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत. हात टेबलावर ठेवा, पट्टा छातीच्या पातळीत हवा. मग पाच मिनिटं गप्प बसा. एका खोलीच्या घरात हे किती अवघड असतं ते मी जाणते. मुलं शाळेत गेल्यावर मोजा, पण गोळी घेण्याआधी.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. संध्याकाळी पुन्हा तसंच. असे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर गेली, मग वरचा आकडा असो की खालचा, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर वही राहू द्या, १०८ ला फोन करा.

आता मीठ. "आम्ही वरून घेत नाही हो," असं सगळेच सांगतात. त्यापेक्षा मिठाच्या पुडीवर ती फोडल्याची तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे चार माणसांच्या घरात किलोची पुडी निदान ५० दिवस पुरायला हवी. त्यात फरसाण, पापड, ब्रेड, गाडीवरचा वडापाव धरलेलाच नाही. कमी सोडियमचं मीठ आणायचं असेल तर डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्यातलं पोटॅशियम घातक ठरू शकतं.

आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटंही वहीसोबत न्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी बीपी वाढतं, आणि विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.