खान्देशातलं जुनं घर कमी पैशांत सुधारताना: आधी धाबं, रंग सगळ्यात शेवटी

हातात थोडे पैसे आले की पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो हॉलचा रंग आणि नवी टाईल. खर्चाचा क्रम नेमका उलटा हवा: छत, भिंतीतली ओल, वायरिंग, मग फरशी आणि रंग. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली तर पुढच्या श्रावणात तिचे पापुद्रे झाडूने गोळा करावे लागतात.

कामाचं वेळापत्रक इथल्या उन्हाप्रमाणे ठरवा. सिमेंटची कामं दिवाळी ते शिवरात्र. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये नव्या प्लास्टरचं पाणी तासाभरात उडून जातं आणि त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर सकाळी 10 च्या आत काम उरका, ओली गोणपाटं लटकवा आणि किमान 7 दिवस दिवसातून तीन-चारदा पाणी मारा. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) हा काळ भिंती वाळवण्याचा.

धाबं आणि स्लॅब

मातीचं धाबं, म्हणजे लाकडी कड्यांवरचं सपाट मातीचं छत असेल तर आधी त्याचं वजन बघा. गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं. 100 चौरस फुटांवर 4 इंच जादा माती म्हणजे जवळपास दीड टन भार, आणि तो सगळा जुन्या सागवानी कड्यांवर. म्हणून जुनी माती उतरवा, कड्यांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. पातं सहज आत गेलं तर ते लाकूड वाळवीने किंवा ओलीने खाल्लंय, ती कडी बदला. टोक शाबूत असेल तर वाळवीचं औषध लावून परत पातळ थर द्या. धाब्यावर सिमेंटचा कोबा मात्र कधीच टाकू नका: माती ओलसुकी होताना हलते, कोबा हलत नाही, तो तडकतो आणि पाणी आत अडकतं.

स्लॅब गळत असेल तर तो मधोमध क्वचितच गळतो. पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) सांधा आणि पावसाच्या पाईपचं तोंड, हीच खरी चोरवाट. सांधा खरवडून साफ करा आणि 1:3 मालात (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) तिथे 3 इंचांचा गोल वाटा, म्हणजे कोपरा भरणारा गोलसर उतार काढा. भेग तशीच बुजवू नका, ती आधी 10 मिलिमीटर रुंद-खोल कापा, धूळ झाडा आणि वॉटरप्रूफिंगचं लॅटेक्स घातलेला माल दाबून भरा. मग पाईपचं तोंड बंद करून 2 इंच पाणी 24 तास तुंबवा. खाली डाग आला नाही तरच पुढचं काम.

उकाड्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. 5 किलो चुना, 1 किलो पांढरं सिमेंट आणि पाव किलो डीडीएल (चुना धरून ठेवणारा डिंक) पाण्यात पातळ कालवून गाळून घ्या. गच्ची तारेच्या ब्रशने घासा, थोडी ओली करा आणि संध्याकाळी दोन-तीन हात द्या. पावसात चुना उतरतो, म्हणून दरवर्षी होळीनंतर पुन्हा.

लोणा आणि भेगा

भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत पांढरी पूड सुटते तो लोणा. जमिनीतली ओल भिंत वर ओढते, पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि प्लास्टर फोडतात. वर सिमेंट थापलं की ओल थांबत नाही, आणखी वर चढते. ओलीच्या रेघेच्या वर फूटभर जाऊन प्लास्टर काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुऊ नका, धुतलं की ते परत भिंतीत मुरतात. होळीनंतर दीड-दोन महिने भिंत उघडी ठेवा. भट्टीचा चुना 15 दिवस भिजवून 1:3 प्रमाणात चाळलेल्या वाळूशी मळा, 10-12 मिलिमीटरचे दोन थर द्या. वर ऑईल पेंट नको, चुन्याचाच हात.

ओलीचं मूळ मात्र बाहेर असतं. तापीकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, घराच्या कडेला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराभोवती 3 फूट रुंद, 1 फूट खोल काळी माती काढून मुरूम ठोकून भरा. वर 3 इंच काँक्रीट, उतार दर 2 फुटांना 1 इंच, बाहेरच्या बाजूला. भिंतीतल्या तिरप्या भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून तारीख लिहा. एका पावसाळ्यानंतर पट्टी तुटली तर पाया हलतोय, तिथे मिस्त्रीचा नाही, इंजिनिअरचा सल्ला हवा.

वाळू, वायर, फरशी

वाळू ट्रॉलीतून उतरवण्याआधी बाटलीत अर्धी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. 10 सेंटिमीटर वाळूवर 8 मिलिमीटरपेक्षा जास्त गाळ बसला तर गाडी परत पाठवा. आतल्या 12 मिलिमीटर, 1:6 प्लास्टरला 100 चौरस फुटांमागे पाऊण ते एक पोतं सिमेंट लागतं. मिस्त्री अडीच पोती म्हणाला तर भिंत किती वाकडी आहे ते विचारा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, एसी आणि गिझरला 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारीशेजारी असतात, म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि चालू अर्थिंग हवंच. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहा, माती सुकली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

जुनी शहाबादी उखडायचा मोह आवरा, घासून पॉलिश केली की ती पुन्हा उजळते. टाईलवर टाईल बसवायचीच असेल तर आधी जुनी टाईल नाण्याने वाजवा, पोकळ वाजेल ती काढा. सिमेंटच्या मालाऐवजी टाईलचं ॲडेसिव्ह वापरा. पातळी दीड-दोन सेंटिमीटरने वाढते, तेव्हा दारं खालून तासायचा खर्च धरा. ओट्याला ग्रॅनाईट परवडत नसेल तर कडप्पा चालतो, पण सिंकची जागा हलवू नका: पाईप फिरवले की दगडात वाचवलेले पैसे तिथेच जातात.

मिस्त्रीशी ठरवताना पैसे टप्प्याने द्या, आणि गच्चीच्या कामाचे 10 टक्के मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाल्यावर.