मे महिन्यातली परसबाग: मडकं पुरा, माती झाका

सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला रोज पाणी येत नाही. अशा वेळी पाइपने झाडं भिजवणं म्हणजे निम्मं पाणी उन्हालाच पाजणं. त्यापेक्षा कुंभाराकडून पाच-सात लिटरचं साधं, बिनरंगाचं मडकं आणा. पिण्याच्या पाण्याचं जुनं चालत नाही, त्याची छिद्रं बुजलेली असतात. वांगी, मिरची किंवा दोडक्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरा, भोवती शेणखत मिसळलेली माती दाबून भरा. मग मडकं पाण्याने भरा; त्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरून मुळांना मिळतं. आपली काळी माती वाळली की आकसते, मडक्यापासून सुटते. मग पाझर मुळांपर्यंत जात नाही. म्हणून पहिल्यांदा बाहेरूनही भरपूर भिजवा. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डासांची पैदास घरच्या घरी. दर दोन-तीन दिवसांनी डोकावून भरत राहा. बोअरच्या पाण्याने क्षार धरतात; पाझर मंदावला तर मडकं काढून काथ्याने घासा.

वर दोन-तीन इंच आच्छादन: उसाचं पाचट, ज्वारीची चिपाडं, कडुनिंबाचा पालापाचोळा, जे फुकट मिळेल ते. खोडाला मात्र चिकटवू नका. वाळवी दिसली तर तेवढा भाग उकरून मोकळा करा. खतं, टॉनिक वगैरे या दिवसांत राहू द्या, झाड जगवणं एवढंच काम. कुंड्या दुपारी भिंतीच्या सावलीत सरकवा, आणि पाणी सकाळी लवकरच घाला.