कोटेशनमध्ये ‘जिप्रॉक’ लिहिलंय? आधी बोर्डाचं खरं नाव लिहून घ्या

आमच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगच्या कोटेशनमध्ये एकच ओळ होती: ‘जिप्रॉक सीलिंग, लाइटच्या होलसकट’. पुढे चौरस फुटाचा दर. माल आला तेव्हा बोर्डांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव. विचारलं तर कंत्राटदार शांतपणे म्हणाला, “साहेब, जिप्रॉक म्हणजे जिप्समच हो. सगळे तसंच म्हणतात.” बोर्ड वाईट नव्हता, सीलिंग आजही ठाकठीक आहे. पण मी पैसे एका ब्रँडच्या हिशेबाने मोजले होते, आणि भांडायला तोंड नव्हतं, कारण त्याचं म्हणणं खरंच होतं. फोटोकॉपीला झेरॉक्स, लॅमिनेटला सनमायका, तसं जिप्सम बोर्डाला जिप्रॉक. जिप्रॉक हा सेंट-गोबेन कंपनीचा ब्रँड आहे, वस्तूचं नाव नाही.

काम देण्याआधी पुढच्या गोष्टी करा. अर्धा तास लागतो.

पायरी १: ‘पीओपी’ म्हणजे नक्की काय, ते ठरवा

आपल्याकडे ‘घरात पीओपी केलं’ या वाक्याचे तीन अर्थ होतात. भिंतीवर हाताने ओढलेला पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिसचा) गुळगुळीत थर, जाळीवर ओलं पीओपी थापून केलेलं सीलिंग, किंवा पत्र्याच्या फ्रेमवर स्क्रूने बसवलेले तयार बोर्ड. गोंधळाचं कारणही आहे, तिन्हींचं मूळ एकच खनिज. जिप्सम साधारण १५० अंश सेल्सिअसला भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि जी पावडर उरते ती पीओपी. तिच्यात पाणी घातलं की पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसते. बोर्डात हाच गाभा दोन कागदांच्या मध्ये कारखान्यात ओतलेला असतो.

नुसतं ‘जिप्सम’ म्हणूनही भागत नाही. दुकानदार गोणीतलं जिप्सम प्लास्टर काढून देईल. ‘जिप्सम बोर्ड’ म्हणा.

पायरी २: व्हिडिओतला शब्द आपल्या दुकानातल्या शब्दाशी जुळवा

अमेरिकेतला भाचा ‘शीटरॉक’ म्हणतो. तो यूएसजी कंपनीचा ब्रँड, १९१७ पासूनचा. तिथे ‘ड्रायवॉल’ म्हणजे खुद्द बोर्ड. आपल्याकडे ड्रायवॉल म्हटलं की बहुतेकांना अख्खी पार्टिशन भिंत कळते, नाहीतर काळे स्क्रू. इंग्लंडमध्ये ‘प्लास्टरबोर्ड’, न्यूझीलंडमध्ये ‘जिब’, तोही ब्रँडच. ऑस्ट्रेलियात पुन्हा ‘जिप्रॉक’ ऐकू येतं, पण तो तिथल्या सीएसआर कंपनीचा वेगळा ब्रँड, जरी २०२४ मध्ये ती कंपनीही सेंट-गोबेनने विकत घेतली.

नावं जुळली तरी मापं जुळत नाहीत, इकडे लक्ष द्या. अमेरिकी व्हिडिओतला बोर्ड बहुधा ८ बाय ४ फूट आणि अर्धा इंची असतो, तो लाकडी चौकटीवर ठोकलेला. आपल्या दुकानात सहसा ६ बाय ४ फुटी बोर्ड मिळतो, १२.५ मिमी जाडीचा, आणि आधाराला जीआय चॅनेल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. म्हणजे एका बोर्डात ३२ नाही, २४ चौरस फूट. तिकडचा हिशेब उचललात तर बोर्ड कमी पडणार.

पायरी ३: वस्तू एका ओळीत, ब्रँड दुसऱ्या ओळीत

सगळ्यात महत्त्वाचं हेच. कोटेशन असं लिहून मागा:

हॉल: जिप्सम बोर्ड फॉल्स सीलिंग, साधा बोर्ड, १२.५ मिमी, टेपर्ड एज, पेपर टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडसह.
बोर्डाचा ब्रँड: ______
चॅनेलचा ब्रँड आणि पत्र्याची जाडी: ______

चॅनेलची ओळ वेगळी का? कारण ‘अमुक ब्रँडचं सीलिंग’ म्हणून बोर्ड त्या ब्रँडचा लावायचा आणि आत बिननावाचा पातळ पत्रा घालायचा, हा फार जुना खेळ आहे. सीलिंगचं वजन पत्रा पेलतो, कागद नाही. टेपर्ड एज म्हणजे कडेला किंचित उतरता बोर्ड. त्या उतारात टेप बसते आणि सांधा दिसत नाही.

बाथरूमसाठी ‘हिरवा बोर्ड’ म्हणतात तो ओलावा सोसणारा. वॉटरप्रूफ नाही! शॉवरचं पाणी थेट पडणाऱ्या भिंतीला सिमेंटचा बोर्ड लागतो, आणि तिथेही ‘बायसन’ हे ब्रँडनाव कुठल्याही सिमेंट बोर्डाला सर्रास चिकटवलं जातं. गुलाबी बोर्ड आगीसाठीचा. पण रंगाचं नाव लिहू नका, गुण लिहा: ‘ओलावारोधक’, ‘अग्निरोधक’.

पायरी ४: ‘किंवा समतुल्य’ हे शब्द विचार करून ठेवा

हे शब्द असले तर कंत्राटदार दुसरा ब्रँड लावू शकतो. अगदीच नसले तर त्या ब्रँडचा माल मिळेनासा झाल्यावर काम अडतं. न्यूझीलंडमध्ये २०२२ साली हेच झालं. तिथल्या बाजारात जिबचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक, आणि घरांच्या मंजूर नकाशांवरही बोर्ड या वस्तूऐवजी ‘जिब’ हेच नाव. टंचाई आली तेव्हा दुसरा बोर्ड लावायचा तर मंजुरीत बदल करायचा की नाही, असा प्रश्न जागोजागी उभा राहिला. शेवटी सरकारला कृती गट नेमावा लागला आणि पर्यायी बोर्ड कसा वापरावा याचं मार्गदर्शन काढावं लागलं.

माझ्या मते मधला मार्ग बरा: ‘किंवा समतुल्य, मालकाची लेखी संमती घेऊन’. व्हॉट्सॲपवरचा ‘चालेल’सुद्धा पुरतो.

पायरी ५: माल उतरताना बोर्ड उलटा करा

समोरच्या बाजूला फारसं काही नसतं. मागच्या कागदावर कंपनी, प्रकार आणि जाडी छापलेली असते. आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबत आयएस २०९५ हा जिप्सम बोर्डाच्या मानकाचा क्रमांक दिसतो. कागदाला बुरशीचे डाग किंवा कोपरे भुसभुशीत असतील तर तो बोर्ड तिथल्या तिथे परत करा; पाणी लागलेला बोर्ड वाळून सरळ होत नाही.

आणि पहिला बोर्ड वर चढायच्या आत मागच्या छपाईचा आणि चॅनेलवरच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. एकदा स्क्रू बसले की ती बाजू स्लॅबकडे तोंड करून बसते.