जर्मनीत येताय? आधी पत्रपेटीवर आडनाव लावा

गेल्या महिन्यात चिंचवडहून आलेलं एक नवं जोडपं आमच्याकडे जेवायला आलं होतं. श्टुटगार्टला येऊन त्यांना सात आठवडे झाले होते. बँकेचं कार्ड आलेलं नाही, टॅक्सचा नंबर आलेला नाही, पहिल्या पगारातून भलताच कर कापला गेलेला. दोघंही रडकुंडीला आली होती. मी एकच विचारलं, "खाली पत्रपेटीवर तुमचं नाव लावलंय का?" नव्हतं. आधीच्या भाडेकरूचंच होतं. इथल्या पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आणि बेलवरचं आडनाव बघतो. ते दिसलं नाही तर पत्र आलं तसं परत जातं.

2012 साली आम्ही आलो तेव्हा आमचंही हेच झालं होतं. त्यानंतर दरवर्षी कुणी ना कुणी हीच ठेच खाताना बघते आहे. म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मला श्टुटगार्ट माहीत आहे, तेव्हा उदाहरणं इथलीच असतील. कागदपत्रांचे नियम मात्र बहुतेक सगळ्या जर्मनीत सारखेच.

आडनाव म्हटल्यावर आपल्या नावांचा घोळ आधी सांगते. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जातं. त्यामुळे इथल्या प्रत्येक सरकारी कागदावर माझं पहिलं नाव दोन शब्दांचं आहे, माझं आणि नवऱ्याचं मिळून. दवाखान्यात तसंच पुकारतात. परदेशी लोकांच्या ऑफिसातल्या बाईंनी मला सरळ विचारलं होतं, की तुमच्या नावात पुरुषाचं नाव कसं? यावर उपाय एकच. पासपोर्टात जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, नोकरीचा करार, बँक, विमा, भाडेकरार सगळीकडे लिहा. एका ठिकाणी मधलं नाव गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं, की संगणकात तुमची दोन माणसं होतात. पदवीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावावर असेल तर लग्नाचा मूळ दाखला हातातल्या बॅगेत घेऊन या. मागाहून कुरिअरने मागवू म्हणाल तर महिने जातात.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची. त्याला घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो. तो चावी घेतानाच मागून घ्या. नोंदणी झाली की टॅक्सचा नंबर पोस्टाने घरी येतो. तो मिळेपर्यंत कंपनीला सहाव्या टॅक्स क्लासप्रमाणे, म्हणजे सगळ्यात जड दराने, कर कापावा लागू शकतो. ते पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्या दोन महिन्यांत चणचण होते.

घराचं थोडक्यात. जाहिरातीत काल्टमीटे, म्हणजे नुसतं भाडं, आणि वार्ममीटे, म्हणजे हीटिंग-पाण्याचा वगैरे खर्च धरून होणारं भाडं, असे दोन आकडे असतात, आपण दुसरा बघायचा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. कित्येक घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची पाइप एवढंच असतं. ओटा, शेगडी, सिंक सगळं आपलं. घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस, कागदावर आणि सहीनिशी. थंडीतही दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या. आपल्या स्वयंपाकाची वाफ भिंतीत मुरते, बुरशी धरते, आणि ते पैसे डिपॉझिटमधून जातात.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते. पिवळं पाकीट.

2014 मध्ये आम्ही घर बदललं. जुन्या घरी इंटरनेटचा चोवीस महिन्यांचा करार होता, त्यातले चौदा महिने उरले होते. घर सोडलं म्हणजे करारही सुटला, असं मी धरून चालले. त्याच सुमारास बँकही बदलली. जुन्या खात्यातून पैसे जाईनात. कंपनीची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली, कारण पोस्टात पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज करायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग प्रकरण वसुलीवाल्यांकडे गेलं. नोंदणी कार्यालयातून आमचा नवा पत्ता काढणं त्यांना अवघड नव्हतं.

एके दिवशी पेटीत पिवळं पाकीट आलं. वर पोस्टमनने पेनाने तारीख टाकलेली. आत कोर्टाचा छापील कागद, तीन-चार पानं, बारीक अक्षर. मला दोन ओळींपलीकडे जर्मन वाचता येत नव्हतं. "शनिवारी कुणाला तरी दाखवू" म्हणून फळांच्या टोपलीखाली ठेवलं. शनिवार आले आणि गेले. त्या कागदाला माहनबेशाइड म्हणतात. दावा मान्य नसेल तर त्यावर हरकत घ्यायला दोन आठवडे मिळतात, आणि ते त्या पेनाच्या तारखेपासून मोजतात. तुम्ही पाकीट उघडलं की नाही, तुम्हाला ते कळलं की नाही, याला काहीही किंमत नाही. पेटीत पडलं म्हणजे मिळालं. पुढे दुसरं पिवळं पाकीट आलं. त्याचेही दोन आठवडे तसेच गेले, आणि मग बोलायला जागाच उरली नाही. उरलेले महिने, वसुलीचा खर्च, कोर्टाचा खर्च धरून साडेनऊशे युरो भरले.

पैशांचं दुःख एक वेळ बाजूला ठेवते. शूफामध्ये, म्हणजे इथल्या पतनोंदीत, आमच्या नावावर डाग लागला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे पैसे भरल्यावरही तीन वर्षं राहिला. धाकटीच्या वेळी मोठं घर हवं होतं. अकरा घरं बघितली. अर्जाला शूफाचा कागद जोडला की पुढे उत्तरच येत नसे. सातव्या महिन्यात जिने चढून घरं बघत होते मी.

म्हणून हात जोडून सांगते. पेटी रोज उघडा. कळलं नाही असं पत्र टोपलीखाली ठेवू नका, त्याच दिवशी मोबाइलने भाषांतर करा नाहीतर जाणकाराला फोटो पाठवा. पिवळं पाकीट असेल तर पाकीटही जपून ठेवा, तारीख त्याच्यावरच असते. कुठलाही करार आपोआप संपत नाही. क्युंडिगुंग, म्हणजे रद्द करण्याचं पत्र, लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. जुलै 2022 पासून ऑनलाइन करार वेबसाइटवरच्या बटणाने रद्द करता येतात, तेव्हा आता सबबही नाही. आणि भारतात जाताना पेटीची चावी कुणाला तरी देऊन जा.

आमची चावी शेजारच्या आजींकडे असते. त्यांची ओळख झाली ती केरवोखेमुळे. श्वाबी, म्हणजे श्टुटगार्टच्या भागातल्या लोकांची ही जुनी रीत आहे. पाळीपाळीने प्रत्येक घराने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आपल्या 'केर' शब्दाशी जुळतं म्हणून मला पहिल्याच दिवशी पाठ झालं. पाटी आली आणि तुम्ही झाडलं नाही, तर कुणी भांडायला येत नाही, पण अख्ख्या इमारतीला ते लक्षात राहतं. मी पहिल्यांदा पुसलं तेव्हा आजींनी खाली येऊन कठड्याच्या खालची कड बोटाने दाखवली. मला राग आला होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी प्लम केक आणून दिला. रविवारी मिक्सर, व्हॅक्यूम, ड्रिल बंद, रात्री दहानंतर शांतता, काचेच्या बाटल्याही रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत. कुकरची शिट्टी ऐकून त्या एकदा घाबरून दारात आल्या होत्या. दुपारी बारा ते एक डाळ लावत जाईन, असं तेव्हाच सांगून टाकलं.

आरोग्य विम्याबद्दल माझं मत ठाम आहे. तिशीच्या आत एकटे आलेल्या मुलांना खाजगी विमा स्वस्त दिसतो, आणि तो विकणारा पुष्कळदा आपलाच माणूस असतो, मंडळात ओळख झालेला. सरकारी योजनेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा हप्त्याशिवाय येतात. खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि वयाबरोबर तो चढतो. परतीची वाट अरुंद आहे, पंचावन्ननंतर जवळजवळ बंदच. लग्न, मुलं मनात असतील तर सरकारीतच राहा. सोबत हाफ्टफ्लिष्ट हा विमा घ्या. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरतो, आणि वर्षाला थोडक्यात पडतो.

गाडीचं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. रात्री डॉक्टर हवा असेल तर 116117, जिवावर बेतलं तर 112.

सामानात भांडी भरू नका. शेगडी इंडक्शनची निघाली तर अॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर चालणार नाही. पेढे, तूप, खवा आणू नका. बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाल्यांनी पकडलं तर सगळं टाकून देतात. तूप इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं छान कढतं. श्रीखंडाला क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दह्यासारखं ताजं चीज, रात्रभर फडक्यात टांगून ठेवा. वेलदोडा, जायफळ, केशर आणि गोडा मसाला मात्र घेऊन या.

दहा वर्षं राहून बेकरीत इंग्रजीत ब्रेड मागणारी आपली माणसं मी बघते आणि मला वाईट वाटतं. "दोन वर्षांत परत जायचंय" म्हणत ती वर्षं काढतात, मूल शाळेत जातं आणि पालकसभेत आई गप्प बसते. मंडळात जरूर या, गणपतीत ढोल वाजवा, मला स्वतःला त्याशिवाय सप्टेंबर जात नाही. पण आठवड्यातले दोन दिवस जर्मनच्या वर्गाला द्या. ब्लू कार्डवाल्यांना, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या खास परवान्यावर आलेल्यांना, कायम वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी-वन पातळीची भाषा असेल तर 21 महिन्यांनी. आणि पिवळं पाकीट स्वतःचं स्वतःला वाचता येतं.

आई-बाबांना बोलवाल तेव्हा व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो, आणि 180 दिवसांतले 90 दिवसच राहता येतं. ते दिवस मे ते जुलैमध्ये घ्या. माझे बाबा डिसेंबरात आले होते. साडेचारला अंधार पडायचा, गुडघे धरायचे, आणि ते खिडकीशी बसून पोस्टमनची वाट बघायचे.