चेंडू वळवायचाय? आधी तो सुटतो कुठे ते पाहा

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ड्रॉ किंवा फेड, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत डावीकडे किंवा उजवीकडे वळवणारे फटके, शिकताना बहुतेकांची नजर चेंडू शेवटी कुठे पडला यावरच असते. त्यापेक्षा तो सुटला कुठून, हे पाहा. चेंडू साधारण क्लबफेसच्या, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, दिशेने निघतो आणि फेस व स्विंगची वाट यांच्यातल्या फरकामुळे हवेत वळतो. मनगटं फिरवून चेंडू वळवायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. त्यात सातत्य येत नाही.

सहा किंवा सात नंबरची आयर्न (मध्यम पल्ल्याचा क्लब) घ्या. वेजला (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबला) लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, जास्त, त्यामुळे वळण कमी दिसतं. ड्रायव्हरवर (सर्वांत लांब फटक्यांच्या क्लबवर) तेच वळण हाताबाहेर जातं. परवानगी असेल तर लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूच्या पुढे तीनेक मीटरवर एक काठी उभी रोवा, नाहीतर दूरचा एखादा खांब धरा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी ड्रॉसाठी पाय आणि खांदे लक्ष्याच्या बरेच उजवीकडे ठेवावेत, फेस त्या दोन दिशांच्या मधोमध, आणि स्विंग खांद्यांच्या रेषेत. चेंडू काठीच्या उजवीकडून जाऊन डावीकडे वळला पाहिजे. काठीच्या डावीकडूनच निघाला तर फेस फार बंद, म्हणजे डावीकडे वळलेला आहे. उजवीकडे सुटून सरळच गेला, तर फेस आणि वाट एकाच दिशेला आहेत. फेडसाठी सगळं उलट.

सुरुवातीला वळण मुद्दाम मोठं काढा, अगदी बेढब वाटलं तरी चालेल. कमी करणं नंतर सोपं जातं. मग एक ड्रॉ, एक फेड असं आलटूनपालटून मारा.