संच मान्यतेचा कागद आला की शिक्षक खोली कशी सांभाळायची

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित माध्यमिक शाळेत पर्यवेक्षिका आहे. नव्यानं खुर्चीत बसलेले ओळखीचे मुख्याध्यापक फोन करतात आणि सुरुवात ठरलेली असते: "बाई, आमच्या स्टाफमध्ये फार राजकारण आहे हो." मी विचारते, बदली तासांची, म्हणजे रजेवरच्याचे तास कोणी घ्यायचे याची, वही कोण लिहितं? "वही अशी नाही, शिपाईमामांबरोबर चिठ्ठी पाठवतो." मग राजकारण होणार नाही तर काय!

माणसंच वाईट म्हणून शिक्षक खोली बिघडते, हे मला पटत नाही. एखादा नग सगळीकडे असतो, तो सोडा. बाकीची भांडणं वाटपाची असतात. तास, तुकड्या, ज्येष्ठता, आणि पट घसरायला लागल्यापासून संच मान्यतेत (पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर ते ठरवणारा शासनाचा कागद) नोकरी कोणाची हलणार ही धास्ती. हे वाटप बंद दाराआड झालं की गट पडलेच समजा. म्हणून आधी कागद सरळ करा, माणसांकडे नंतर बघू.

सुरुवात बदली तासांपासून करा, कारण रोजची कटकट परिपाठ संपायच्या आत तिथूनच सुरू होते. एक जाड वही घ्या. तारीख, तास, वर्ग, रजेवर कोण, बदलीवर कोण, सही. ती शिक्षक खोलीतल्या टेबलावर राहू दे, तुमच्या कपाटात नको. महिनाअखेरीला प्रत्येकाच्या नावापुढे बेरीज करून फलकावर लावा. बहुधा दिसेल ते असं: सर्वांत जास्त तास शिक्षण सेवकाच्या (मानधनावरच्या नव्या शिक्षकाच्या) नावावर आणि सर्वांत कमी, मोठ्या सरांच्या चहाच्या वेळी आत बसणाऱ्या दोघांच्या नावावर. काही बोलू नका. कागद तिथे राहू द्या. थोड्याच दिवसांत त्या दोघांपैकी एक जण "आज मला द्या की एखादा" म्हणत येतो. दोन नियम मात्र पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. ज्याला त्या दिवशी एकच मोकळा तास आहे, त्याचा तो घ्यायचा नाही. आणि मोकळा असलेल्या प्रत्येकाला एक मिळाल्याशिवाय कोणालाही दुसरा द्यायचा नाही.

याच वहीत मागे एक पान बाहेरच्या कामांचं ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांची कामं शिक्षकांना लावता येतात. त्यामुळे बीएलओची (मतदार यादीच्या कामाची) ऑर्डर आली की कुरकुर करून उपयोग नसतो. पण ती कोणाला आली, किती दिवस आली, हे लिहिलेलं असलं तर तोच माणूस पुढे शिष्यवृत्ती परीक्षेच्या कामालाही जुंपला जात नाही.

वेळापत्रकाचं थोडक्यात. जूनमध्ये कच्चं वेळापत्रक टेबलावर ठेवा, पेन्सिलीनं हरकती लिहू द्या, मग पक्कं करा. शेवटचा तास आणि मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास आठवडाभर कोणा एकाच्याच माथी येणार नाही एवढं बघा. शनिवारची सकाळची शाळा चुकवण्याच्या युक्त्या मुलांना जेवढ्या येतात त्याहून जास्त आपल्या लोकांना येतात. तेही बघा.

आता ज्येष्ठता. 1981 च्या खाजगी शाळांच्या सेवाशर्ती नियमावलीतला नियम 12 अगदी स्पष्ट आहे. अनुसूची 'फ' प्रमाणे यादी तयार करायची, सगळ्यांना दाखवायची, सह्या घ्यायच्या, हरकती आल्या तर विचारात घ्यायच्या, वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. किती शाळांत ही यादी दरवर्षी फिरते? पर्यवेक्षकाची जागा रिकामी व्हायच्या तोंडावर ती कपाटातून निघते आणि मग डी.एड.वर लागून पुढे बी.एड. झालेले विरुद्ध थेट बी.एड.वर लागलेले, असा कोर्टापर्यंत जाणारा वाद पेटतो. तुम्ही त्यात मत देऊ नका. चहा पितानासुद्धा नको, कारण तुमचं "मला वाटतं" संध्याकाळपर्यंत संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी पोचलेलं असतं. "लेखी द्या, मी पाठवते," एवढंच म्हणायचं आणि खरोखर पाठवायचं. यादी जागा रिकामी नसताना फिरवली तर लोक ती शांतपणे वाचतात आणि चुकाही तेव्हाच सापडतात.

सगळ्यात अवघड दिवस संच मान्यतेचा. 30 सप्टेंबरचा पट, त्यातही आधार क्रमांक जुळलेली मुलं, आणि त्यावर मंजूर पदं. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं निकष आणखी आवळले आणि कमी पटाच्या शाळा हादरल्या. ज्यांचं आधार जुळत नाही अशा मुलांची यादी वर्गशिक्षकांना जुलैतच द्या. ऑक्टोबरमध्ये गळे काढून काही होत नाही.

पद कमी झालंच, तर कोण अतिरिक्त ठरणार हे शाळेत कळायच्या आधी त्या माणसाला कळलं पाहिजे. त्याला एकट्याला बोलवा, दार लावा, मान्यतेचा कागद आणि ज्येष्ठता यादी समोर ठेवा, नाव का आलं ते बोटानं दाखवा. दुसऱ्या शाळेत समायोजन कसं होतं, कागदपत्रं कोणती लागतील, हे सांगा. सांत्वन करत बसू नका, त्याला त्या क्षणी माहिती हवी असते. कार्यमुक्तीचा आदेश हातात येईपर्यंत त्याचा वर्ग, त्याची वर्गशिक्षकी, स्नेहसंमेलनातली त्याची जबाबदारी, काही काढून घेऊ नका. मी असे शिक्षक पाहिले आहेत की ज्यांच्याशी सहकारी डिसेंबरपासून "तुम्ही काय, जाणारच" अशा सुरात बोलायला लागले आणि त्यांनी मनानं शाळा तेव्हाच सोडली. मार्चमध्ये त्यांची दहावीची पोरं वाऱ्यावर. आणि उन्हाळ्यात पट गोळा करायला वाड्यावस्त्यांवर हिंडायचं काम धोक्यातल्या दोघांवरच टाकू नका. वाड्या चिठ्ठ्या टाकून वाटा. एक चिठ्ठी तुमच्याही नावाची काढा, आणि ती लांबची निघाली तर बदलू नका.

पगाराबद्दल कोणी उघड बोलत नाही, पण एकाच टेबलाभोवती चार तऱ्हेचे पगार बसलेले असतात. 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले जुन्या पेन्शनचे. त्यानंतरचे नव्या योजनेचे. टप्पा अनुदानावरचे, ज्यांना पगाराचा काही हिस्साच मिळतो. आणि शिक्षण सेवक, माध्यमिकला जानेवारी 2023 पासून महिना 18,000 रुपये मानधनावर, तीन वर्षं. काम मात्र सगळ्यांना तेच. हे तुम्ही बदलू शकत नाही. एवढं करू शकता की वाढदिवस, निरोप समारंभ, कोणाकडचं लग्न, यांची वर्गणी सरसकट लावायची नाही. आमच्याकडे बंद डबा फिरतो, ज्याला जे जमेल ते. आणि मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनसाठीच्या संपात कोण उतरलं, कोण वर्गावर गेलं, हा विषय कोणी काढला तर तुम्ही उठून वर्गावर जा. त्याला उत्तर नाही.

सेमी (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) सुरू करताना नेहमी एक घोळ होतो. गणित-विज्ञानाचे चांगले समजले जाणारे सर सेमीच्या तुकडीला आणि उरलेले "साध्या" तुकडीला. वर्षभरात मुलांची नाही, शिक्षकांची प्रतवारी होऊन बसते. त्यापेक्षा प्रत्येकाला एक सेमी आणि एक मराठी तुकडी द्या. ज्यांनी उभी हयात "बहिर्वक्र भिंग" शिकवलं, त्यांना पहिलं वर्ष जड जाईल. दोन्ही माध्यमांची बालभारतीची पुस्तकं शाळेनं विकत घेऊन द्यावीत, आणि त्या वर्षी तुम्ही त्यांच्या वर्गात वही घेऊन पाठ निरीक्षणाला जाऊ नये. जायचंच तर सप्टेंबरनंतर, सांगून.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रकरण ताजं आहे. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत परीक्षा पास होणं बंधनकारक केलं. पाचहून कमी उरली असतील तर नोकरीपुरती सूट, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा आहेच. वीस-बावीस वर्षं शिकवलेल्या बाईंना मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर परीक्षेला बसायचं म्हणजे काय वाटत असेल, त्यावर शिक्षक खोलीत विनोद होतात. विनोद करणारे बहुतेक सूट मिळालेले असतात! त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगा. मग अभ्यासाची व्यवस्था करा. बालमानसशास्त्र परीक्षेच्या दोन्ही पेपरांत (पहिली ते पाचवीच्या आणि सहावी ते आठवीच्या) आहे, तेव्हा गणिताचे सर आणि इतिहासाच्या बाई एकत्र बसू शकतात. पवित्र पोर्टलवरून (शासनाच्या शिक्षक भरतीतून) आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी आलेला शिक्षण सेवक ही परीक्षा पास होऊनच आलेला असतो, त्याला आठवड्यातून दोनदा शिकवायला सांगा आणि ते तास बदली तासांच्या वहीत त्याच्या नावावर मांडा. आजवर "ए, जरा तो तास घे रे" म्हणणारे ज्येष्ठ त्याला "सर" म्हणायला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

उरले निरोपे. प्रत्येक शाळेत संस्थेच्या कानाला लागणारा एक जण असतो. त्याला शोधू नका, ओळखलात तरी दाखवू नका. जे सांगायचं ते फलकावर लावा, संस्थेच्या सचिवांनाही त्याच दिवशी तेच पाठवा. शिळी बातमी घेऊन तो किती दिवस जाणार? तसंच तुम्हाला वगळून केलेला व्हॉट्सॲप ग्रुप असणारच, त्यात काय चाललंय हे कोणाला विचारू नका. तुमच्या ग्रुपवर मात्र रात्री सूचना टाकायच्या नाहीत आणि कोणाला रागवायचं तर कधीही नाही.

सहविचार सभा महिन्यातून एकदा, शाळेच्या वेळेत, फार तर चाळीस मिनिटं. इतिवृत्त ज्येष्ठतेच्या उलट्या क्रमानं लिहायला द्या, म्हणजे सर्वांत नव्यापासून. त्याच दिवशी वाचून दाखवा आणि घरी जायच्या आत सह्या घ्या.