हिटलरचं अर्थकारण शिकवायचंय? सातबारा घेऊन वर्गात जा

बहुतेक सर-मॅडम हा धडा पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहापासून सुरू करतात आणि पाचव्या मिनिटाला पोरं खिडकीबाहेर बघतात. माझा वर्ग यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस-तुरीच्या गावातला. मी आधी हिटलर सरकारचा 29 सप्टेंबर 1933 चा वारस-शेती कायदा घेतो. व्हर्साय नंतर.

फळ्यावर कायद्याचा गोड भाग तेवढा लिहा: शेत विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कर्जापायी लिलाव होणार नाही. वर मालाचे भाव सरकारी यंत्रणाच ठरवणार. "मंग हे तर बेसच झालं ना जी!" असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू द्या, लगेच खोडू नका. तिथल्या शेतकऱ्यांनाही ते बेसच वाटलं असणार.

मग अटी काढा, एकेक करून. शेत साधारण साडेसात ते सव्वाशे हेक्टर हवं. पोरांकडून एकर करून घ्या: साडेअठराच्या पुढं. सातबाऱ्याची झेरॉक्स आणायला सांगितलेली असते, त्यात एखादंच घर बसतं. वारस एकच, बाकीचे भाऊ रिकाम्या हातानं. क्रम असा: मुलगे, मग मयताचा बाप, मग भाऊ, आणि त्यानंतर मुली. इथं पोरींच्या बाकांवरून आवाज येतो, तो यायलाच हवा. शेवटची अट सर्वात जड: 1 जानेवारी 1800 पर्यंत मागं जाऊन पूर्वजांत ज्यू रक्त नसावं. गहाण बंद म्हणजे बँकेचं कर्जही अवघड, हे तुम्ही सांगू नका. पीककर्जाच्या गावात पोरंच सांगतात.

"पण त्यानं कामं तर दिली ना?" हा प्रश्न येणार. 1933 च्या सुरुवातीला जवळपास 60 लाख बेकार होते आणि पाच-सहा वर्षांत ते बहुतेक संपले, हे कबूल करा. मग बेकारांचा आकडा कसा उतरला, तो हिशेब उघडा. बाईनं नोकरी सोडली तर लग्नासाठी 1000 मार्कांपर्यंत कर्ज. ज्यूंना नोकऱ्यांतून काढलं. 1935 पासून लष्करभरती सक्तीची. शस्त्रांचे कारखाने मेफो नावाच्या कागदी कंपनीच्या हुंड्यांवर, म्हणजे पैसे नंतर देण्याच्या चिठ्ठ्यांवर, चालले. 1938 पर्यंत त्या सुमारे 12 अब्ज मार्कांच्या झाल्या, आणि अंदाजपत्रकात त्यांचा पत्ता नाही. 2 मे 1933 लाच कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या होत्या, मग पगारवाढ मागायची कोणाकडं? महामार्गांवर फार रेंगाळू नका, पुस्तकात तेच रंगवून असतं.

हिटलरनं सामान्य माणसाला कबूल केलेल्या मोटारीचं, म्हणजे फोक्सवॅगनचं, गणित मात्र फळ्यावर सोडवाच. किंमत 990 मार्क, हप्ता आठवड्याला किमान 5 मार्क. किती आठवडे? 198, म्हणजे पावणेचार वर्षांच्या वर. तीन लाखांवर लोकांनी हप्त्याची तिकिटं बचतपुस्तकात चिकटवली. नाझी राजवटीत एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यातून लष्कराच्या गाड्या निघाल्या. आपल्याकडं दामदुप्पटवाले गाशा गुंडाळून गेलेत, त्यामुळं जास्त समजावावं लागत नाही.

एक अख्खा तास पोलिश मजुरांसाठी राखा. 1944 मध्ये जर्मनीत 70 लाखांवर परदेशी माणसं राबत होती, बहुतेक जबरदस्तीनं आणलेली, त्यातली कितीतरी शेतांवर. पोलिश मजुराच्या कपड्यावर 'पी' अक्षराचा बिल्ला. मालकाच्या टेबलावर त्याला जेवायला बसवायला मनाई. हा नियम वाचून दाखवला की कोणी घरच्या सालदाराचं ताट कुठं वाढतात ते सांगू लागतं. तेव्हा मध्ये बोलू नका, आणि घंटा झाली तरी दोन मिनिटं थांबा.